ट्रॅप बदलले तरी मेकअप पाणी पुन्हा का वाढतं?

अन्नप्रक्रिया कारखान्यातलं हे ओळखीचं दुखणं आहे. बॉयलरचं मेकअप पाणी (तूट भरायला घ्यायचं नवं पाणी) वाढलं म्हणून स्टीम ट्रॅप (वाफ अडवून साचलेलं पाणी सोडणारे व्हॉल्व्ह) तपासले जातात, खराब निघाले ते बदलले जातात आणि आकडा खाली येतो. तीन-चार महिन्यांनी तो पुन्हा होता तिथे. उत्पादन तेवढंच, बॉयलरही गळत नाही, पण फीड टँकचं (बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या टाकीचं) तापमान ८५ वरून ५५ अंशांवर आलेलं असतं आणि ऑक्सिजन काढण्यासाठी घालायचं सल्फाइट जास्त लागू लागतं.

याचा अर्थ कंडेन्सेट, म्हणजे वाफ थंड होऊन झालेलं गरम पाणी, बॉयलरकडे परत येत नाही, कुठेतरी गटारात चाललंय. ट्रॅप बदलून तात्पुरतं बरं वाटतं, कारण त्या निमित्ताने माणसं लाइनवर फिरतात आणि उघडे दिसलेले ड्रेन व्हॉल्व्ह बंद करतात. पण ते व्हॉल्व्ह कुणी गंमत म्हणून उघडलेले नसतात. एखादा पाश्चरायझर तापत नव्हता, एखादी केटल (वाफेवर तापणारी मोठी कढई) धडधडत होती, म्हणून ऑपरेटरने ड्रेन उघडला आणि उत्पादन चालू ठेवलं. मूळ अडचण तशीच राहिली, की व्हॉल्व्ह आठवड्याभरात पुन्हा उघडतो.

नुकसान किती, याचा हिशेब

ताशी ५ टन वाफ आणि दिवसाला २० तास काम धरा. कंडेन्सेटची परतफेड ७५ टक्क्यांवरून ४५ वर आली, तर ताशी दीड घनमीटर म्हणजे दिवसाला ३० घनमीटर पाणी जास्तीचं लागतं. हे पाणी मऊ करण्याचा खर्च वेगळा. कंडेन्सेट ९० अंशांचं आणि मेकअप २५ अंशांचं असेल, तर प्रत्येक घनमीटरबरोबर सुमारे २७० मेगाज्यूल उष्णता जाते. बॉयलरची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर ती भरून काढायला ३४० मेगाज्यूलचं इंधन जाळावं लागतं. फीडचं पाणी ६ अंशांनी थंड झालं की इंधन साधारण १ टक्का वाढतं, हा जुना ठोकताळा इथेही बसतो. फीड ७४ वरून ५४ अंशांवर येतं आणि इंधन तीन टक्क्यांच्या वर वाढतं.

ब्लोडाउनची (क्षार साचू नयेत म्हणून बॉयलरमधून मुद्दाम सोडायच्या पाण्याची) वाढ बहुतेकांच्या हिशेबात येतच नाही. मेकअपचा टीडीएस (विरघळलेले क्षार) ३०० आणि बॉयलरची मर्यादा ३५०० पीपीएम असेल, तर ७५ टक्के परतफेडीला फीडचा टीडीएस ७५ राहतो आणि वाफेच्या सुमारे २.२ टक्के ब्लोडाउन पुरतो. परतफेड ४५ टक्क्यांवर आली की फीडचा टीडीएस १६५ होतो आणि ब्लोडाउन जवळपास ५ टक्क्यांवर जातो. म्हणजे ताशी ११० किलोच्या जागी सुमारे २५० किलो, आणि तेही बॉयलरच्या तापमानाचं पाणी.

आधी मीटर तपासा

मेकअप मीटर सॉफ्टनरच्या (पाणी मऊ करणाऱ्या यंत्राच्या) आधी बसवला असेल, तर रीजनरेशनचं (मिठाने सॉफ्टनर पुन्हा ताजा करण्याचं) बॅकवॉश आणि धुण्याचं पाणीही त्यात मोजलं जातं. रीजनरेशन आठवड्यातून दोनदाऐवजी चारदा होऊ लागलं, तर मीटर वाढ दाखवेल आणि कंडेन्सेट जागच्या जागी असेल. मीटर सॉफ्टनरनंतर हवा.

दुसरी खातरजमा क्लोराइडने करा. मेकअप आणि फीड या दोन्ही पाण्यांतलं क्लोराइड मोजा. मेकअपमध्ये लिटरला ४० मिलिग्रॅम आणि फीडमध्ये १८ आलं, तर फीडमधला मेकअपचा वाटा १८ भागिले ४०, म्हणजे ४५ टक्के, आणि परतफेड ५५ टक्के. टीडीएसवरूनही हे काढता येतं, पण टँकमध्ये रसायनं डोस होत असतील तर टीडीएस फसवतो. क्लोराइड शक्यतो फसवत नाही. फक्त रीजनरेशननंतर लगेच नमुना घेऊ नका, कारण राहिलेलं मीठ आकडा वर नेतं.

लक्ष्य ठरवताना मालात किंवा पाण्यात थेट मिसळणारी वाफ वजा करा. स्पार्जरने टाकीत सोडलेली, इंजेक्शन कुकरमध्ये किंवा ब्लँचरमध्ये मिसळलेली वाफ परत येणारच नाही. एकूण वाफेपैकी ३० टक्के अशी जात असेल, तर ७० टक्क्यांच्या वर परतफेड मागण्यात अर्थ नाही. ‘८५ टक्के हवी’ असा फतवा काढला की खालची माणसं कागदावर ८५ टक्के दाखवतात, एवढंच होतं.

बॉयलर हाउसमधल्या तीन चोरवाटा

कारखान्यात फिरण्याआधी फीड टँकची ओव्हरफ्लो पाइप कुठे संपते ते पाहा. बहुतेक ठिकाणी ती थेट गटारात उतरते आणि वाहते की नाही हे कुणालाच दिसत नाही. तिचं तोंड गटाराच्या वीतभर वर कापा, पाणी पडताना दिसलं पाहिजे. पाळी सुरू झाल्यावर तासाभरात ती वाहत असेल, तर मेकअपचा फ्लोट (पातळीनुसार पाणी सोडणारा तरंगता व्हॉल्व्ह) जास्त वर लावला आहे. रात्री वाफेची मागणी कमी असताना हा फ्लोट फीड टँक थंड पाण्याने काठोकाठ भरतो. सकाळी सगळी यंत्रं एकदम तापायला लागतात, कंडेन्सेटचा लोंढा येतो, त्याला जागा नसते आणि गरम पाणी ओव्हरफ्लोने निघून जातं. मेकअप खालच्या पातळीला सुरू-बंद होऊ द्या आणि वर किमान सुरुवातीच्या अर्ध्या तासाचं कंडेन्सेट मावेल इतकी जागा मोकळी सोडा. पाणी मात्र पंपाच्या सक्शनला लागणाऱ्या पातळीच्या खाली जाता कामा नये. काम दहा मिनिटांचं असतं, पण कित्येक ठिकाणी सगळं घबाड इथेच सापडतं.

तळाचा ब्लोडाउन व्हॉल्व्ह गळतो का, तेही बघा. ब्लोडाउन झाल्यावर तासाभराने व्हॉल्व्हच्या पुढची पाइप तापमापकाने तपासा. ती अजून चटका देत असेल, तर सीट पाणी सोडतेय.

तिसरी चाचणी उत्पादन बंद असताना करा. बॉयलर दाबावर, सगळी यंत्रं बंद. दोन तासांच्या आधी आणि नंतर मेकअप मीटर आणि फीड टँकची पातळी नोंदवा. या काळात जे पाणी लागलं ते सगळं गळती, ब्लोडाउन आणि उघडे ड्रेन यांचं. हा आकडा नगण्य आला, तर दोष यंत्रं चालू असतानाच घडतो. मग पुढचा भाग तुमच्यासाठी आहे.

हीट एक्स्चेंजरमध्ये पाणी का तुंबतं

पुन्हापुन्हा उघडणाऱ्या ड्रेनचं सर्वांत नेहमीचं मूळ हे. तापमान-नियंत्रित वाफेवर चालणारा प्लेट किंवा ट्यूब हीट एक्स्चेंजर (वाफेची उष्णता पाण्याला किंवा मालाला देणारं यंत्र) घ्या: पाश्चरायझरचं गरम पाण्याचं सर्किट किंवा सीआयपीचा (यंत्रं न उघडता आतून धुण्याच्या व्यवस्थेचा) हीटर. कंट्रोल व्हॉल्व्हच्या आधी ३ बार वाफ असते, म्हणून ट्रॅपलाही ३ बार मिळतो असं आपण समजतो. प्रत्यक्षात मागणी कमी झाली की कंट्रोल व्हॉल्व्ह वाफ दाबतो आणि एक्स्चेंजरमधला दाब घसरतो.

आकड्यांत बघा. दाबमापकावर ३ बार असलेल्या वाफेचं तापमान १४४ अंश. दुसऱ्या बाजूच्या पाण्याचं सरासरी तापमान ६५ धरलं, तर पूर्ण भाराला फरक ७९ अंशांचा. भार ४० टक्क्यांवर आला की ढोबळमानाने फरकही ४० टक्के, म्हणजे ३२ अंश पुरतो. वाफेच्या बाजूला तेव्हा ९७ अंश असतात, म्हणजे आत चक्क निर्वात! तिथून कंडेन्सेट ट्रॅपमधून बाहेर पडायला मागेल कसं? त्यात परतीची लाइन ट्रॅपनंतर ४ मीटर वर छताकडे चढत असेल, तर त्या चढाचाच ०.४ बार मागचा दाब झाला. वरच्या लाइनमधला दाब ०.१ बार धरा. ०.५ बारला वाफेचं तापमान सुमारे ११२ अंश असतं. म्हणजे भार ६० टक्क्यांच्या खाली गेला की एक्स्चेंजर तुंबायला लागतो.

तुंबल्याची खूण हाताशी असते. एक्स्चेंजरची वरची बाजू चटका देते आणि खालची कोमट असते. तापमान वर-खाली झुलत राहतं, कारण पाणी साठलं की नियंत्रक व्हॉल्व्ह उघडतो, दाब वाढतो, साठलेलं पाणी एकदम निघतं, तापमान लक्ष्याच्या वर जातं आणि पुन्हा व्हॉल्व्ह बंद. मधूनच हातोडा मारल्यासारखा आवाज येतो. पाश्चरायझरवर याचा अर्थ फ्लो डायव्हर्शन: माल परत फिरतो, दुसऱ्यांदा तापतो आणि वाफ जास्त लागते. ऑपरेटर ट्रॅपच्या आधीचा ड्रेन अर्धा फेरा उघडतो आणि सगळं शांत होतं. त्याच्या जागी कुणीही हेच करेल.

इथे ट्रॅप बदलून काहीही होत नाही, मोठा बसवूनही नाही. अडचण ट्रॅपच्या क्षमतेची नसून त्याच्या दोन बाजूंच्या दाबांतल्या फरकाची आहे. उपाय दोन.

जागा असेल तर एक्स्चेंजरच्या वाफेच्या बाजूला व्हॅक्यूम ब्रेकर (निर्वात झालं की हवा आत घेणारा व्हॉल्व्ह) लावा, ट्रॅप निकासापासून किमान अर्धा मीटर खाली ठेवा आणि ट्रॅपनंतरची लाइन उतरती नेऊन वाऱ्याला उघड्या असलेल्या छोट्या टाकीत सोडा. तिथून कंडेन्सेट पंपाने वर पाठवा. अर्धा मीटर उंचीचा ०.०५ बार मिळतो, म्हणून ट्रॅप त्या फरकावर निवडावा लागतो. सूचीतली ३ बारची क्षमता इथे कामाची नाही. सुरुवातीच्या थंड भारासाठी नेहमीच्या भाराच्या दोन ते तीन पट क्षमता धरा. प्रकार फ्लोटचा, आत हवा काढणारा थर्मोस्टॅटिक भाग असलेला.

जागा नसेल किंवा व्हॅक्यूम ब्रेकरमधून येणारी हवा कंडेन्सेटमध्ये नको असेल, तर पंप-ट्रॅपचा जोड बसवा. दाब पुरेसा असताना तो ट्रॅपसारखा वागतो आणि कमी पडला की वाफेच्या जोरावर पाणी ढकलतो. महाग आहे खरा. पण ज्या एक्स्चेंजरचा ड्रेन वर्षात चारदा उघडा सापडतो, तिथे दुसऱ्या कशावर पैसे घालवू नका.

ट्रॅप इथे बिघडतो, ड्रेन तिथे उघडतो

उघडाच राहिलेल्या ट्रॅपचं नुकसान लोक वाफेच्या गळतीत मोजतात. ७ बार दाबाला ३ मिलिमीटरच्या छिद्रातून ताशी साधारण २० ते ३० किलो वाफ जाते. पण खरा उपद्रव पुढे आहे. ती वाफ परतीच्या लाइनमध्ये शिरते, तिथला दाब वाढवते आणि त्याच लाइनवर कमी दाबाने चालणारी यंत्रं तुंबवते. रिटॉर्टचा (डबाबंद माल वाफेने तापवणाऱ्या यंत्राचा) ट्रॅप बिघडतो आणि ५० मीटरवरच्या सीआयपी हीटरचा ड्रेन उघडला जातो. म्हणून ज्याचा ड्रेन उघडा सापडला त्याच यंत्राचा ट्रॅप बदलण्याची सवय सोडा. परतीच्या लाइनवर एक दाबमापक लावा. दाब नेहमी ०.१ बार असेल आणि एके दिवशी ०.४ दिसला, तर त्या लाइनवर येणारा कुठला तरी ट्रॅप वाफ सोडतोय.

ट्रॅप तपासताना त्याच्या आधी-नंतरचं तापमान मोजून निकाल देऊ नका. ट्रॅपनंतरचं तापमान परतीच्या लाइनमधल्या दाबावर ठरतं, त्यामुळे चांगला ट्रॅप आणि वाफ सोडणारा ट्रॅप सारखेच दिसू शकतात. तापमापकाने फक्त थंड, म्हणजे बंद पडलेला किंवा तुंबलेला ट्रॅप कळतो. उघडा राहिलेला ट्रॅप अल्ट्रासाउंडने ऐकावा लागतो. थर्मोडायनॅमिक ट्रॅप टप्प्याटप्प्याने उघडतो-मिटतो, त्याची टकटक थांबून सलग सूं ऐकू आली तर तो गेला. फ्लोट ट्रॅप तसाही सलग वाहतो, त्यामुळे त्याचा आवाज बारकाईने ऐकावा लागतो. शंका आली तर पुढे साइट ग्लास (आतलं दिसणारी काच) बसवून घ्या.

कंडेन्सेट टाकीच्या व्हेंटमधून (हवा जाण्याच्या तोंडातून) वाफा निघताना दिसल्या की ट्रॅप गेले असंही समजू नका. ७ बारवरचं कंडेन्सेट वातावरणाच्या दाबाला आलं की त्यातलं सुमारे १३ टक्के फ्लॅश होऊन वाफ बनतंच. ३ बारला ८ टक्के. आळसावलेला पांढरा ढग असेल तर तो बहुधा फ्लॅशचा. तोंडाशी पारदर्शक पोकळी सोडून जोरात सुटणारा झोत मात्र जिवंत, म्हणजे ट्रॅपमधून थेट निसटलेल्या वाफेचा.

जॅकेटच्या तीन-चार केटलना मिळून एक ट्रॅप दिला असेल तर तो प्रत्येकीला स्वतंत्र करा. एकीत दाब जास्त असला की बाकीच्यांचं पाणी अडतं. कलत्या केटलमध्ये सायफन नळीत वाफ अडकून बसते आणि ट्रॅप बंदच राहतो. तिथे स्टीम लॉक रिलीज (अडकलेली वाफ हळूहळू सोडणारी सुई) असलेलाच ट्रॅप हवा, त्याची सुई पाव फेरा उघडी.

‘कंडेन्सेट दूषित आहे’ म्हणून सोडून दिलं जातं तेव्हा

अन्नाच्या कारखान्यात हा वाद नेहमीचा. कंडक्टिव्हिटी सेन्सर (पाणी किती वीज वाहतं ते मोजणारा) अलार्म देतो, डायव्हर्टर व्हॉल्व्ह पाणी गटाराकडे वळवतो आणि मग तिकडेच राहतो.

सेन्सरमध्ये तापमानाची दुरुस्ती चालू आहे का, ते आधी पाहा. दर अंशाला वाचन साधारण २ टक्क्यांनी वाढतं. २५ अंशांना ४० दाखवणारं स्वच्छ कंडेन्सेट ८५ अंशांना ८८ दाखवेल, आणि मर्यादा ६० मायक्रोसीमेन्सवर असेल तर दिवसभर खोटा अलार्म वाजेल. दुसरं, हवेचा दाब गेला की डायव्हर्टर गटाराकडे पडतो. सुरक्षेसाठी ते बरोबरच आहे, पण हवेच्या लाइनच्या टोकाला दाब कमी पडत असेल तर तो रोज न सांगता तिकडे जातो. त्याला लिमिट स्विच लावून गटाराकडचे तास मोजा.

अलार्म फक्त सुरुवातीला वाजत असेल, तर तो खरा समजा. यंत्र चालू असताना वाफेचा दाब जास्त असतो, त्यामुळे जॅकेटला बारीक छिद्र असलं तरी वाफच मालात जाते. वाफ बंद झाली की आत निर्वात होतं आणि माल किंवा सीआयपीचं कॉस्टिक त्याच छिद्रातून आत ओढलं जातं. पुढच्या सुरुवातीला ते कंडेन्सेटबरोबर बाहेर पडतं. जॅकेट किंवा प्लेट पॅक थंड असताना दाबाखाली धरून छिद्र शोधा. दुरुस्ती होईपर्यंत त्या यंत्राचं सुरुवातीचं कंडेन्सेट वेळ लावून गटारात सोडा आणि नंतर आपोआप परत वळवा. सबंध पाळीभर सोडण्याचं कारण नाही.

एक धोका उलट्या बाजूचाही आहे: साखर आणि तेल-तूप वीज वाहून नेत नाहीत, त्यामुळे पाकाच्या केटलमधली गळती कंडक्टिव्हिटीला दिसतच नाही. बॉयलरमध्ये गेलेली साखर फुटून आम्लं बनते, पीएच पडतो, फेस येतो आणि पाणी वाफेबरोबर उडायला लागतं. पाकाच्या लाइनवर अल्फा-नॅफ्थॉलची साखर चाचणी ठेवा, आणि दूध किंवा स्निग्ध मालाच्या लाइनवर टर्बिडिटी (गढूळपणा) मीटर. कंडक्टिव्हिटी नीट आहे एवढ्यावर विसंबून अशा यंत्राचं कंडेन्सेट परत घेऊ नका.

पंप बोंबलतो म्हणून थंड पाणी

कंडेन्सेट टाकीजवळ थंड पाण्याचा पाइप लोंबकळताना दिसला तर समजून जा. ९० अंशांच्या वरचं पाणी ओढताना सेंट्रिफ्युगल पंपाच्या तोंडाशी ते उकळतं, पंप खडखडतो, सील जातं. टाकीत थंड पाणी सोडलं की आवाज थांबतो. पाणीही वाया जातं आणि उष्णताही, शिवाय हे पाणी सॉफ्टनरमधून आलेलं नसेल तर बॉयलरमध्ये क्षारांचे थर जमतात. टाकी पंपापेक्षा मीटर-दीड मीटर वर उचला, सक्शनची पाइप आखूड आणि रुंद करा, सक्शनचा स्ट्रेनर साफ आहे का पाहा. उंची मिळत नसेल तर वाफेवर चालणारा यांत्रिक पंप लावा. त्याला उकळत्या पाण्याचं वावडं नाही.

परतीची पाइप तळाला खाचा पडून गळत असेल, तर ते कार्बन डायऑक्साइडचं काम आहे. मेकअपमधलं बायकार्बोनेट बॉयलरमध्ये फुटतं, वायू वाफेबरोबर जातो आणि कंडेन्सेटमध्ये कार्बोनिक आम्ल बनतं. परतफेड वाढली की मेकअप घटतं आणि हे आपोआप कमी होतं. अमाइन (पाइपचं आम्लापासून रक्षण करणारं रसायन) डोस करायचं असेल तर वाफ मालाला थेट लागते का, ते आधी बघा. अमेरिकेच्या एफडीए नियमांत सायक्लोहेक्सिलअमाइन आणि मॉर्फोलिन वाफेत १० पीपीएमपर्यंतच चालतात, आणि दूध व दुधाच्या पदार्थांना लागणाऱ्या वाफेत अजिबात नाहीत.

ड्रेन पुन्हा उघडू नये म्हणून

व्हॉल्व्हचं हँडल काढून कुलूप लावण्याने प्रश्न सुटत नाही. सकाळी थंड लाइनमधलं पाणी काढायला तो लागतोच, आणि हँडल नसलं की पान्याने उघडतात. त्याऐवजी प्रत्येक ड्रेनला क्रमांक द्या आणि पाठीमागे लिहायला जागा असलेली पट्टी अडकवा: कधी उघडला, यंत्र काय करत होतं, तापमान किती होतं. ‘भार कमी झाला की झुलतं’ असं तीनदा लिहिलेलं दिसलं की तो एक्स्चेंजर तुंबतोय. ‘सकाळी सुरुवातीला’ असेल तर हवा किंवा सुरुवातीच्या भाराची क्षमता. ‘अचानक, दिवसभर’ असेल तर परतीच्या लाइनचा दाब पाहा.

बॉयलर ऑपरेटरच्या वहीत रोज तीन आकडे पुरतात: मेकअप मीटर, फीड मीटर आणि फीड टँकचं तापमान. क्लोराइड आठवड्यातून एकदा. तापमान सलग दोन दिवस ५ अंशांनी खाली आलं, तर महिन्याच्या बिलाची वाट न बघता त्याच दिवशी पट्ट्या वाचत लाइनवर एक फेरी मारा. ड्रेन उघडताना पाणी उकळतं असतं आणि अडकलेलं पाणी एकदम सुटतं, म्हणून हातमोजे आणि चेहऱ्यावर ढाल लावा, बाजूला उभं राहा आणि व्हॉल्व्ह पाव-पाव फेऱ्याने फिरवा.